न तोललेले दोन कपडे

मोठ्या सिस्टरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. माझ्या हातातला जेवणाचा डबा काढून घेतला, तळहातावर दोनदा वरखाली केला आणि म्हणाल्या, "सहाशे चाळीस."

मग डबा टेबलावरच्या काट्यावर ठेवला. आकडे थरथरले आणि सहाशे बावीसवर थांबले.

"अठरानं चुकली मी," त्या स्वतःवरच चिडल्या. "तू सांग आता. याच्यात भाजी केटली, किती ग्रॅम?"

मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, प्रसूती विभागात त्या दिवशी माझी पहिली ड्युटी होती, आणि आल्या आल्या कुणी आपल्या वांग्याच्या भाजीचं वजन विचारील अशी माझी तयारी नव्हती.

"थोडी आहे," मी म्हटलं.

मागून कुणीतरी "गेली" असं पुटपुटलं. सिस्टरांनी खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे एक मोजपात्र आणि दोन कुंड्या होत्या. त्या विभागात 'थोडं', 'बरंच', 'ठीक आहे' आणि 'नॉर्मलच वाटतंय' हे शब्द बंद होते. जो कुणी बोलेल त्याने शंभर मिलिलिटर पाणी मोजून कुंडीला घालायचं. आमच्या बॅचने पहिल्या महिन्यात दोन्ही झाडं कुजवली.

मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, पण नीट जमेल की नाही माहीत नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. लिहिताना मला सारखं वाटतं की कुणीतरी मागून वाचतंय आणि चुका काढतंय. पण सिस्टर आठवल्या की हात आपोआप भरभर चालतो. त्या समोर असल्या की सगळंच भरभर व्हायचं.

त्या मूळच्या अकोल्याकडच्या. लग्न होऊन सुरतेत आल्या त्याला तीस वर्षं होत आली होती. बोलणं वऱ्हाडी, त्यात गुजराती मिसळलेली, आणि राग आला की हिंदी. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, पायांत पुरुषी सँडल, कारण पळताना बायकांच्या चपला सुटतात असं त्यांचं म्हणणं. गळ्यात शिट्टी. खरीखुरी, शाळेत पीटीचे सर वाजवतात तसली.

आणि तो काटा. तो मिठाईच्या दुकानातला होता. दुकानदाराने नवा घेतला तेव्हा सिस्टरांनी जुना उचलून आणला, मेकॅनिककडून तपासून घेतला आणि प्रसूतीच्या खोलीत मधोमध मांडला. त्याच्या एका बाजूला 'स्पेशल घारी' असं, म्हणजे सुरतेच्या मिठाईचं, स्टिकर होतं. ते त्यांनी कधी काढलं नाही. जाता-येता डॉक्टर विचारायचे, "सिस्टर, आजे घारी शुं भाव?" त्या न हसता सांगायच्या, "तुमच्या अंदाजापेक्षा जास्त."

काटा होता रक्तासाठी. बाळंतपणात किती रक्त गेलं हे बहुतेक ठिकाणी नजरेनं ठरवतात. सिस्टरांना नजर मान्यच नव्हती. बाईच्या अंगाखाली घालायचा प्रत्येक कपडा त्या आधी कोरडा तोलायच्या आणि त्याच्या कोपऱ्यावर मार्करने वजन लिहायच्या. मग तोच कपडा ओला तोलायचा. कोरडं वजन वजा करायचं. जेवढे ग्रॅम, साधारण तेवढे मिलिलिटर रक्त. पाचशेला पोचायच्या आधीच सगळ्यांनी जागं व्हायचं. एवढंच. पहिल्या दिवशी मला ते इतकं सोपं वाटलं की यासाठी एवढा आरडाओरडा कशाला, असं मनात आलं.

"बाई रक्त जाऊन मरत नाही पोट्टे," त्या म्हणायच्या. "'फार नाही गेलं' असं कोणीतरी म्हणते ना, तिथी मरते."

एक दिवस त्यांनी वर्गात विचारलं, कुणाच्या घरी रंग मिळेल का? रक्तासारखा दिसणारा. सरावासाठी हवा होता. बीट उकळून पाहिलं होतं, पण ते सरबतासारखं दिसायचं. माझे बाबा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर किचनला आहेत, म्हणजे जिथे कापडाचे रंग मोजून कालवतात तिथे. त्यांची नखं बारा महिने निळी-जांभळी असतात. कॉलेजात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची असं नाही म्हणणार. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, एवढंच. पण त्या दिवशी माझा हात अर्धा वर गेला आणि तिथेच अडकला.

"अर्धा हात कायचा? कोण आहे घरी?"

"बाबा. मिलमध्ये. रंग..."

"कलर किचन?" सिस्टर खुर्चीतून उठल्याच. "अन् तू आतापर्यंत गप? त्यांना घेऊन ये! रंग नको, ते हवेत मले!"

बाबा रविवारी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात तीन छोट्या डब्या. दारातच चपला काढून उभे राहिले. सिस्टरांनी त्यांना टेबलापाशी नेलं, मोजपात्र दिलं आणि आम्हा चोवीस मुलींना म्हणाल्या, "हे आज तुमचे सर. उभ्या राहा."

सगळ्या उभ्या राहिल्या. बाबांना काय करावं कळेना, तेही अजून ताठ उभे राहिले.

पण डबी उघडली आणि त्यांची भीती गेली. "रगत असं लाल नही राहत बाई," ते सिस्टरांना आमच्या घरच्या बोलीत म्हणाले. "लालमा जरासा चॉकलेटी लागस. अन् कपडावर वाळनं का आखो काळं दिसस." आखो म्हणजे आणखी. त्यांनी चिमटीनं पूड घातली, ढवळलं, पांढऱ्या चिंधीवर थेंब टाकला, डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा चिमूट घातली. चौथ्या थेंबाला सिस्टरांनी टाळी वाजवली. "हेच! हेच ते!"

मग सिस्टरांनी खेळ मांडला. जुनी सुती साडी, पॉलिएस्टरची साडी, टॉवेल, फरशी. प्रत्येकावर तोच रंग मोजून ओतला आणि आम्हाला अंदाज लिहायला सांगितला. दोन डॉक्टरांनाही धरून आणलं होतं. सगळे चुकले. सुती साडी सगळं पोटात घेऊन वर शहाण्यासारखी दिसत होती; तिच्यावर आम्ही निम्मंही लिहिलं नव्हतं. पॉलिएस्टरवरून रंग ओघळून फरशीभर पसरला होता; तिथे आम्ही दुप्पट लिहिलं. बरोबर आले फक्त बाबा.

"तुमी कसं ओळखलं?" सिस्टरांनी विचारलं.

"मी कापड पाह्यं," बाबा म्हणाले. "रंग नही पाह्या."

सिस्टरांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. आमच्या बॅचच्या अर्ध्या मुलींच्या वहीत ते आहे. मी त्या दिवशी बसने घरी जाताना बाबांच्या शेजारी बसले होते आणि मला कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण बसमध्ये कुणाला सांगणार?

सिस्टरांची शिट्टी सुमनबाईसाठी होती. सुमनबाई नावाची पेशंट अस्तित्वात नव्हती. ती सिस्टरांनी बनवलेली. आठवड्यातून एकदा, केव्हाही, आम्ही चहा घेत असताना किंवा चादरी बदलत असताना, शिट्टी वाजायची आणि सिस्टर ओरडायच्या, "सुमनबाई! रक्त!" की जिथे असाल तिथून पळायचं. एकीने पोटावर हात ठेवून गर्भाशय चोळायचं, एकीने औषधांचा लाल डबा आणायचा, एकीने सलाइन लावायचं, एकीने डॉक्टरांना बोलवायचं. पलंगावर तिच्या जागी एक उशी असायची. सिस्टर घड्याळ धरून उभ्या. लाल डब्याला एक मिनिटापेक्षा जास्त लागलं तर पुन्हा.

सुमनबाईला त्यांनी सगळं दिलं होतं. लिंबायतला सासर, दोन मुली, हजीऱ्याला कंपनीत जाणारा नवरा, खडूस सासू. जेवताना त्या विचारायच्या, "सुमनबाईची धाकटी शाळेत जाते की नाही आता?" आणि कुणीतरी गंभीरपणे उत्तर द्यायचं. एकदा नवा वॉर्डबॉय सुमनबाईचं जेवण घेऊन सगळे पलंग शोधत फिरला होता.

मी एकदा धीर करून विचारलं, "सिस्टर, नाव कशाला? नुसतं पेशंट म्हटलं तरी चालेल ना?"

"पेशंट म्हटलं तर तुमी चालता," त्या म्हणाल्या. "सुमनबाई म्हटलं तर पळता. पाह्यलं मी."

आता जे सांगायचं आहे ते सांगते. ते सांगायला मी इतका वेळ लावला, कारण त्यात माझी चूक आहे.

माझ्या वहिनीचे दिवस भरले तेव्हा आम्ही तिला आमच्याच रुग्णालयात आणलं. मी हट्ट केला होता. वहिनी बावीस वर्षांची, माझ्याहून एका वर्षानं मोठी, मैत्रीणच. सकाळी कळा सुरू झाल्या आणि दुपारी जेवणाच्या वेळेला मुलगी झाली. मी हात धरून उभी होते. मुलगी रडली तेव्हा मीही रडले, आणि सिस्टर पलीकडच्या टेबलावरून ओरडल्या, "रडू नको, कपडा तोल!"

मी तोलला. हिशेब केला. अडीचशे. ज्युनियर डॉक्टर हसून म्हणाले, "बहु सरस," आणि बाळाकडे गेले. पलीकडच्या टेबलावर दुसरी बाई अडली होती, सिस्टर पडद्यामागे तिच्यापाशी अडकल्या.

आमच्याकडे बाळंतिणीजवळ घरातली एक बाई आत थांबू शकते. हा नियम सिस्टरांनीच भांडून आणलेला. वहिनीजवळ माझी आई होती. आई घरी साड्यांच्या घड्या घालायचं काम करते, मार्केटमधून गठ्ठे येतात. ती कधी रिकामी बसत नाही. तिने घरून एक जुनी सुती साडी फाडून तुकडे आणले होते, पिशवीत. सिस्टरांनी तोललेल्या कपड्यांव्यतिरिक्तचे.

मी पाहिलं की आईने वहिनीच्या खालचा एक तुकडा काढला, घडी केली, आणखी एक घडी केली, आणि पिशवीत घातला. मग दुसरा घातला खाली. थोड्या वेळाने तोही काढला. मग पिशवी पदराखाली घेऊन ती न्हाणीघराकडे गेली.

मला माहीत होतं ती काय करते आहे. आमच्याकडे बाळंतिणीचं असलं धुणं कुणाच्या दृष्टीस पडू देत नाहीत. बाहेर दार उघडं होतं, व्हरांड्यात माझा भाऊ, वहिनीचे वडील, तिचे काका उभे होते. आतली वापरलेल्या कपड्यांची टोपली उघडी, तारेची, दाराच्या समोर. सून आपली, तिची लाज आपली. आईला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आणि मी काही बोलले नाही. मी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, काट्यापाशी उभी. 'आई, तो कपडा इकडे दे,' एवढं म्हणायचं होतं. पण ती माझी आई होती, आणि मला वाटलं, चार लोकांसमोर तिला कसं टोकू. दोनच तर तुकडे आहेत. मी मनात म्हटलं, 'थोडंच असेल.' नेमका तोच शब्द.

वहिनीने पाणी मागितलं. मी दिलं. पुन्हा मागितलं. मग जांभई दिली. मग म्हणाली, "ताई, पंखा वाढव ना." पंखा पाचवर होता.

पडदा सरकवून सिस्टर आल्या. हात पुसत होत्या. पलीकडे सगळं सुखरूप झालं होतं, चेहरा आनंदी. वहिनीकडे पाहिलं आणि आनंद गेला. नाडीवर बोटं ठेवली, माझ्याकडे न पाहता विचारलं, "केटलुं?"

"अडीचशे."

"सगळे कपडे?"

मला आजही तो क्षण मोठा वाटतो. खरं तर दोन श्वास झाले असतील. व्हरांड्यात भाऊ कुणाला तरी फोनवर "लक्ष्मी आली" सांगत होता.

"नाही," मी म्हटलं. "दोन आईने नेले. धुवायला. मी पाहिलं होतं."

सिस्टरांनी वहिनीच्या पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं शिट्टी तोंडात घातली.

सगळे आले. व्हरांड्यातून, चहाच्या कोपऱ्यातून, वरच्या मजल्यावरून. लाल डबा घेऊन येणारी मुलगी दारातच ओरडली, "सुमनबाई का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "खरी."

मला वाटलं होतं खऱ्या वेळी सगळे गोंधळतील. कुणी गोंधळलं नाही. हातांना जागा माहीत होत्या. सिस्टरांनी माझा हात धरून वहिनीच्या पोटावर ठेवला. "चोळ. घट्ट होईस्तोवर सोडू नको." गर्भाशय कडक गोळा असायला हवं. हाताखाली मळून ठेवलेल्या कणकेसारखं मऊ लागत होतं. इंजेक्शन गेलं, दोन्ही हातांना सलाइन लागलं, मोठ्या डॉक्टर जिना चढून धावत आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "एकूण किती गेलं? रक्त किती मागवू?"

कपडे धुतले गेले होते.

सिस्टर न्हाणीघरातून आईला हाताला धरून घेऊन आल्या. आईचे हात ओले, चेहरा पांढराफटक. "बाई, मी दोन्ही धुई टाकात," ती म्हणत होती. "माले काय माहीत, बाई..."

"मावशी, रडायला मागून वेळ आहे," सिस्टर म्हणाल्या. "तुमी साड्यांच्या घड्या घालता ना? गठ्ठा उचलला की समजते ना, एक साडी कमी आहे का?"

"समजस," आई म्हणाली.

"मग धरा." सिस्टरांनी आईच्याच पिशवीतून त्याच साडीचा कोरडा तुकडा काढला, काट्यावर टाकून वजन वाचलं, बेसिनमध्ये नळाखाली धरला आणि आईच्या हातात दिला. "उचलला तेव्हा एवढा होता?"

आईने डोळे मिटले. "नही. आखो जड व्हता."

पुन्हा पाणी. "आता?"

"आखो."

पुन्हा पाणी. मी पोट चोळत होते आणि ऐकत होते. खोलीत एवढी माणसं, पण मला फक्त नळाचा आवाज आणि आईचा आवाज ऐकू येत होता.

"बस," आई म्हणाली. "यवढाच. पहिला यवढाच व्हता. दुसरा जरासा हलका."

सिस्टरांनी तो टपटपता तुकडा काट्यावर टाकला. दुसऱ्यासाठी पुन्हा तेच. मग बेरीज केली आणि ती मोठ्यानं सांगितली: "अडीचशे नाही मॅडम. साडेसातशेच्या वर. अन् अजून चालू आहे."

मोठ्या डॉक्टरांनी वर पाहिलं. त्यांचा आवाज बदलला. "दोन पिशव्या रक्त. ताबडतोब. थिएटर तयार करा." आत वारेचा एक तुकडा राहिला होता, तो काढावा लागणार होता. अडीचशेचा आकडा धरला असता तर आधी वाट पाहिली असती. नंतर त्यांनी स्वतःच हे सांगितलं.

माझ्या हाताखाली हळूहळू काहीतरी बदललं. कणीक होती ती गोळा होऊ लागली. "सिस्टर!" मी ओरडले. मी त्या खोलीत आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असेन. "सिस्टर, घट्ट होतंय!"

"मग सोडू नको ना!" त्या तेवढ्याच मोठ्यानं ओरडल्या.

संध्याकाळी वहिनी शुद्धीत होती आणि मुलीला कुणाचं नाक आहे यावर भावाशी वाद घालत होती. तिचा आवाज अगदी बारीक होता, पण वाद घालत होती. आई पायाशी बसून होती. तिने दिवसभर काही खाल्लं नव्हतं.

दर महिन्याला आमच्याकडे एक बैठक होते. कोण वाचलं, कोण वाचता वाचता राहिलं, आणि का, हे सगळ्यांनी बसून बोलायचं. सिस्टरांचा तिथला एक नियम होता: 'कुणी केलं' असं विचारायचं नाही, 'कसं झालं' असं विचारायचं. त्या महिन्यात त्यांनी मला उभं केलं. समोर सगळे डॉक्टर. मी घरून लिहून नेलं होतं, पण कागद उघडताच येईना.

"मी कपडा नेताना पाहिलं," मी म्हटलं. "मी थांबवलं नाही."

ज्युनियर डॉक्टर म्हणाले, "मी अडीचशे ऐकलं आणि बाळाकडे गेलो. सगळे कपडे आहेत का, हे विचारलं नाही." पलीकडच्या टेबलावरची नर्स म्हणाली, "मी पडद्याआडून पाहायला हवं होतं."

आणि मग सिस्टरांनी दार उघडलं. बाहेर माझी आई उभी होती. त्यांनी तिला न सांगता-सवरता बोलावून आणलं होतं. मोठ्या डॉक्टरांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. आई खुर्चीच्या अगदी कडेला बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मला वाटलं, आता हिला सगळ्यांसमोर विचारणार. मला उठून तिला घेऊन जावंसं वाटलं.

"मावशी," सिस्टर म्हणाल्या, "मले एकच सांगा. तुमी तो कपडा दुसरा कुठी ठेवला असता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. "कोठे ठेवू?" ती हळूच म्हणाली. "टोपली उघडी शे. दार उघडं शे. मनी सूनना बाप दारमा उभा व्हता."

मोठ्या डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

आईला वाटलं आपण काही चुकीचं बोललो. ती घाईघाईने म्हणाली, "झाकननी बादली ठेवा ना बाई. मंग कोण कसाले दडाई?"

सिस्टरांनी कपाळावर हात मारला, एवढ्या जोरात की चष्मा हलला. "बारा वर्षं झाली मले काटा घेऊन," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं मी बायांवर ओरडून रायली, कपडा नेऊ नका, कपडा नेऊ नका. अन् झाकायले त्यांना एक बादली नाही दिली." त्या उठल्या. बैठक अर्धी होती. "चाला मावशी. तुमीच निवडा."

त्या दोघी रिक्षाने बाजारात गेल्या. आईने लाल बादली नको म्हटलं, पांढरी नको म्हटलं. गडद हिरवी घेतली, झाकण घट्ट बसणारी, प्रत्येक टेबलासाठी एक. सिस्टरांनी दुकानातच उचलून उचलून पाहिल्या, शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर तोलल्या आणि रिकाम्या बादलीचं वजन नेलपॉलिशने तळाशी लिहिलं. दुकानदार दोघींकडे बघतच राहिला असेल. आई ही गोष्ट आमच्या गोडादऱ्याच्या वस्तीत अजून सगळ्यांना सांगते, प्रत्येक वेळी हसत.

सिस्टर पुढच्याच वर्षी निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाच्या दिवशी माझी पुन्हा त्याच खोलीत ड्युटी होती, म्हणून भाषणं मला ऐकायला मिळाली नाहीत. दुपारी ओलपाडकडून आलेली एक बाई बाळंत झाली. बरोबर तिची सासू, डोक्यावरून पदर, घाबरलेली. सुनेखालचा कपडा तिने काढला, घडी केली, आणि दाराकडे पाहिलं. दारात माणसं होती. मग तिला बादली दिसली. तिने झाकण उघडलं, कपडा आत ठेवला, झाकण लावलं आणि हात पदराला पुसून शांत उभी राहिली.

मी बादली उचलून काट्यावर ठेवली. आकडे थांबेपर्यंत वाट पाहिली, बादलीचं आणि कोरड्या कपड्याचं वजन वजा केलं. मग जो आकडा आला तो सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा वाचला.